बेचाळीस टाके

जपूनकाकांना फक्त अर्धी बाही विणायची होती. एवढ्याशा कामापायी सोसायटीची माणसं आपल्या घरात मेंढी शोधायला येतील आणि मोठ्या साहेबांचा चष्मा ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत अधांतरी चढेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. बाकी सगळं वाटलं होतं. सुई डोळ्यात जाईल, लोकर नाकात जाईल, विणण्याच्या नादात गॅसवरचं दूध उतू जाऊन घर पेटेल, हे सगळं त्यांनी आधीच मनात घडवून त्यावर घाबरूनही घेतलं होतं. घडल्या त्या नेमक्या राहून गेलेल्या दोन गोष्टी.

स्वेटर काकू विणत होत्या, काकांसाठी. पाठ झाली होती, पुढचा भाग झाला होता, उजवी बाही झाली होती. डावी बाही कोपरापर्यंत आली होती आणि तीही ओळीच्या मध्येच थांबली होती. सत्तावीस टाके उजव्या सुईवर, विणून झालेले. पंधरा डाव्या सुईवर, विणायचे राहिलेले. एका दुपारी काकू चहा ठेवायला म्हणून उठल्या, सुया तशाच डब्यात ठेवल्या, आणि त्या डब्याकडे परत आल्या नाहीत. या गोष्टीला सात महिने झाले होते.

जपूनकाका हे नाव त्यांना इमारतीनं दिलं होतं. जिन्यात कोणीही भेटलं की ते म्हणत, "जपून हं." चढणाऱ्यालाही म्हणत, उतरणाऱ्यालाही म्हणत, आणि एकदा तर जिन्याच्या पायरीवर नुसत्या बसलेल्या पोस्टमनलाही म्हणाले होते. घरात कामाची वाटणी सोपी होती. घाबरायचं काम काकांचं, करायचं काम काकूंचं. फ्यूज उडाला की काका घाबरत आणि काकू तार बदलत. आता दोन्ही खाती एकट्या काकांकडे आली होती, आणि पहिल्याच खात्यात इतकं काम साचलं होतं की दुसऱ्याकडे बघायला सवड मिळत नव्हती.

रोज सकाळी ते डबा उघडत आणि श्वास रोखून टाके मोजत. सत्तावीस आणि पंधरा, बेचाळीस. मग डबा बंद करत. नोकरी नक्कल ऑफिसातली. तिथं जुन्या कागदांच्या नकला करून देतात, आणि काकांचं काम रुजवातीचं. म्हणजे मूळ कागद डाव्या हाताला, नक्कल उजव्या हाताला, आणि बोट एकेका अक्षरावर. तीस वर्षं हे केल्यावर माणसाला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. डबा घरी ठेवावा तर उंदीर होते, आग होती, वरच्या मजल्याची फुटणारी पाइपलाइन होती. त्यामुळे डबा कापडी पिशवीतून रोज ऑफिसात जायचा आणि संध्याकाळी परत यायचा. ऑफिसात समज असा होता की काका घरून खाऊ आणतात आणि कोणाला देत नाहीत.

शेवटी ते दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंकडे गेले. नर्सबाई रिटायर झाल्या होत्या. काकू आणि त्या दुपारी एकत्र विणायला बसत.

"मला शिकवा," काका म्हणाले.

"काय?"

"विणायला. पण त्या बाहीवर नाही. आधी वेगळ्या लोकरीवर. आणि सुई बोथट असली तर बरं."

"भाऊजी, बोथट सुईनं फक्त ढोकळा तपासता येत नाही, बाकी विणकाम सगळं बोथट सुईनंच होतं," नर्सबाई म्हणाल्या. "बसा."

काका शिकले. तीन महिन्यांत सुलट शिकले, उलट शिकले, निसटलेला टाका परत वर आणायला शिकले. हे शेवटचं त्यांना सगळ्यात चांगलं यायचं, कारण निसटायचेही त्यांचेच सगळ्यात जास्त. उजवी बाही समोर ठेवून त्यांनी तिची एक नक्कल विणायला घेतली. काकूंच्या अकराव्या ओळीत एक टाका उलटा पडला होता. काकांच्याही अकराव्या ओळीत तो उलटा पडला.

"हे चुकलंय," नर्सबाई म्हणाल्या.

"माहीत आहे. मुळात आहे."

"म्हणून तुम्हीपण चुकायचं?"

"नियम आहे. मुळातली चूक नकलेत सुधारायची नसते."

नर्सबाईंनी कपाळावर हात मारला. मग त्यांनी नमुना ताणून बघितला. तो ताणला गेला नाही. "केवढा घट्ट हात आहे हो तुमचा! यातून पाणी गाळलं तर थेंब पडायचा नाही. कशाला एवढे घाबरता? लोकर काय चावते?"

चावत नव्हती, पण काकांना खात्री नव्हती.

आता बाहीला हात घालायला हरकत नव्हती. तेवढ्यात काकांच्या लक्षात आलं की डब्यात लोकरीचा गुंडा लिंबाएवढाच उरलाय. अर्धी बाही त्यात होणार नाही. आणि ही लोकर दुकानात मिळण्यातली नव्हती. काकूंनी ती स्वतः टकळीवर कातली होती.

"आहे तेवढी तर विणा," नर्सबाई म्हणाल्या. "मग बघू."

"आणि मध्येच संपली तर?"

"तर थांबा."

"परत मध्येच?"

नर्सबाईंनी आपलं विणकाम खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मला विचाराल तर तुम्हाला ती बाही विणायचीच नाहीये भाऊजी. तुम्ही आपले तिच्याभोवती फेऱ्या मारताय."

काकांना हे बोलणं लागलं. असं काही नाही, आपण फक्त पूर्वतयारी नीट करतो, हे सिद्ध करण्यासाठी ते रविवारी गावाबाहेर मेंढ्या पाळणाऱ्याकडे गेले. काकू लोकर तिथून आणत. काकांनी मेंढ्या इतक्या जवळून प्रथमच पाहिल्या. मेंढ्यांना शिंगं असतात ही माहिती त्यांना कोणी आधी दिलेली नव्हती. ते कुंपणाबाहेरूनच बोलले.

"बाई नाही आल्या?" मेंढपाळानं विचारलं.

काकांनी तोंड उघडलं. उत्तर चार अक्षरांचंही नव्हतं, पण ते ओठाशी आलं आणि काकांना त्याची भीती वाटली. "घरी आहेत," ते म्हणाले.

"त्यांना सांगा, ही काळ्या कानाच्या मेंढीची आहे. त्यांची आवडती." त्यानं पोतंभर लोकर दिली. "आणि म्हणावं, या एकदा."

"सांगतो," काका म्हणाले, आणि पोतं छातीशी धरून परत आले. वाटेत दोनदा त्यांना वाटलं की परत जाऊन खरं सांगावं. पण मध्ये शिंगं होती.

कच्च्या लोकरीत काय काय असतं ते सांगत नाही. काड्या असतात, माती असते, आणि मेंढीनं जाता जाता जे जे केलं असेल ते सगळं असतं. काकांना जंतू दिसू लागले. नर्सबाईंनी बजावलं होतं, कोमट पाणी, हलका हात, चोळायचं नाही. पण ज्यांना जंतू दिसतात त्यांना कोमट पाण्यावर विश्वास ठेवता येत नाही. काकांनी पाणी उकळलं, त्यात साबणाची अख्खी वडी किसली आणि अर्धं पोतं लोकर अर्धा तास दोन्ही हातांनी घासली. बादलीतून बाहेर आली ती लोकर नव्हती. ती एक सतरंजी होती. लोकर गरम पाण्यात चोळली की स्वतःलाच घट्ट धरून बसते आणि मग सोडत नाही.

"तुमच्यासारखीच की," नर्सबाई म्हणाल्या. "घाबरली."

उरलेलं अर्धं पोतं त्यांनी कोमट पाण्यात, लहान बाळाला घालावी तशी आंघोळ घालून धुतलं. पण तोवर लोकरीचा मेणचट थर मोरीच्या पाइपात बसला होता. तळमजल्यापर्यंतच्या सगळ्या मोऱ्या तुंबल्या आणि त्यातून मेंढीचा वास वर आला. बाराच्या सुमारास दार वाजलं. सेक्रेटरी उभे होते, मागे दोन कमिटी मेंबर. सेक्रेटरींच्या हातात नियमावली होती.

"काका, मेंढी कुठं आहे?"

"कोणती?"

सेक्रेटरींनी मेंबरांकडे पाहिलं. "म्हणजे एकाहून जास्त आहेत!"

"नाही नाही, एकच. काळ्या कानाची. पण ती इथं नाही."

"हलवलीत?"

मेंबर पलंगाखाली वाकून बघत होते. एकानं कपाटही उघडलं. त्यात काकूंच्या साड्या होत्या, तेव्हा त्यानं ते हळूच परत लावलं आणि नंतर त्याची मेंढीवरची श्रद्धा बरीच कमी झाली. दुसऱ्याला गॅलरीत सतरंजी सापडली. त्यानं ती वास घेऊन पाहिली आणि गंभीरपणे म्हणाला, "कातडं आहे. विल्हेवाट लावलेली दिसते."

पुढे नर्सबाई आल्या, त्यांनी खुलासा केला, प्लंबर आला, आणि सोसायटीच्या फलकावर सूचना लागली की सदनिकेत चार पायांचा प्राणी अथवा त्याचा कोणताही भाग धुण्यास मनाई आहे. काका आठवडाभर त्या फलकासमोरून जाताना खिशातला रुमाल शोधत जात.

राहिलं कातायचं. टकळी म्हणजे खाली लाकडी चकती असलेली एक काडी. ती भोवऱ्यासारखी फिरवून सोडायची आणि हातातली लोकर थोडी थोडी मोकळी करत जायची. पीळ बसून सूत होतं आणि टकळी खाली खाली जाते. जमिनीला टेकली की थांबायचं, सूत गुंडाळायचं, परत सोडायची. काकांची उंची बेताची. सोडली की टेकायची. आणि प्रत्येक वेळी थांबताना सूत तुटायचं.

"उंचावर उभे राहा," नर्सबाईंनी सांगितलं.

स्टुलावरून पडून माणसं कायमची अंथरुणाला खिळल्याच्या पाच घटना काकांना तोंडपाठ होत्या. पण ऑफिसच्या जिन्याला मध्ये चौकोनी पोकळी होती, तिसऱ्या मजल्यापासून थेट तळापर्यंत. जेवणाच्या सुट्टीत तिथं कोणी नसायचं. काका पाठ भिंतीला लावून जेवढं मागे राहता येईल तेवढं राहत, दोन्ही हात कठड्याबाहेर काढत आणि डोळे गच्च मिटून टकळी सोडत. खाली बघायचा प्रश्नच नव्हता.

आणि नवल म्हणजे हे त्यांना जमलं. मिटल्या डोळ्यांनी सूत गाठींशिवाय उतरायला लागलं. आठ दिवस रोज अर्धा तास काकांना भीती वाटली नाही, आणि ही गोष्ट लक्षात आल्यावर ते चांगलेच घाबरले.

नवव्या दिवशी मोठे साहेब आले. न कळवता आले. नवीन होते, कडक होते, आणि जिथं जात तिथं पहिल्या तासात कोणालातरी लेखी खुलासा विचारत अशी त्यांची कीर्ती होती. पहिल्या मजल्यावर ते दम खायला थांबले, कठड्याला टेकले, चष्मा कपाळावर सरकवून डोळे पुसू लागले. तेवढ्यात वरून एक टकळी गरगरत आली. सुताचा एक फेरा चष्म्याच्या काडीला बसला, मग दुसरा बसला, मग पाच-सहा बसले.

वर काकांना टकळी जरा जड लागली. आज पीळ चांगला बसतोय, असं त्यांच्या मनात आलं. सुट्टी संपत आली होती म्हणून त्यांनी सूत वर ओढायला सुरुवात केली. टकळी हाताशी आल्यावर डोळे उघडले. समोर चष्मा होता.

"कोण आहे वर?" खालून आवाज आला. "कोण आहे ते?"

पळावं तर चष्मा हातातच, आणि खाली सोडावा तर तो सुतात असा गुरफटला होता की पुरावाही सोबत गेला असता. साहेब शिपायाचा खांदा धरून, पायऱ्या चाचपत वर आले. त्यांनी काकांकडे पाहिलं, म्हणजे काकांच्या शेजारच्या खांबाकडे पाहिलं.

"हा काय प्रकार आहे?"

"लोकर, साहेब," काका म्हणाले.

"ऑफिसात?"

"सुट्टीत, साहेब. अर्ध्या बाहीसाठी."

"जप्त करा," साहेब खांबाला म्हणाले. "ही वस्तू, आणि याच्याबरोबर जे काही सामान असेल ते. यादी करा. आत्ता. माझ्यासमोर."

यादी करायचं काम आवक-जावक सांभाळणाऱ्या बाईंकडे. त्यांना सगळे आवकबाई म्हणत. आवकबाई वाईट नव्हत्या, पण नियम म्हटला की त्यांना पुढचं काही दिसत नसे. टेबलावर काकांची पिशवी उपडी केली गेली. कातायला तयार केलेले लोकरीचे पेळू निघाले, रुमाल निघाला, डबा निघाला.

"डबा खाऊचा आहे," शिपाई म्हणाला. "कधी देत नाहीत."

"उघडा," आवकबाई म्हणाल्या.

"नको," काका म्हणाले. पण ते इतकं हळू म्हणाले की स्वतःलाच जेमतेम ऐकू आलं.

शिपायानं झाकण काढलं. "बाही आहे. अर्धीच आहे. आणि दोन सुया."

आवकबाई लिहीत होत्या. "टोकदार वस्तू असेल तर ती वेगळ्या पाकिटात. नियम सात."

"बाई, एक मिनिट..."

शिपायानं दोन्ही सुया धरल्या आणि सरळ ओढून काढल्या.

त्या खोलीत बाकी कोणालाच काही झालेलं कळलं नाही. काकांना मात्र कळलं. बेचाळीस टाके कशाच्याही आधाराशिवाय टेबलावर उभे होते. हातानं कातलेल्या लोकरीचे टाके लगेच सुटत नाहीत, जरा थांबतात. पण डोक्यावर पंखा फिरत होता, शिपाई बाहीचं एक टोक उचलत होता, आणि त्या काठापासून खाली सगळं काकूंचं होतं.

"हात काढ!"

हा आवाज तीस वर्षांत त्या ऑफिसात कोणी ऐकला नव्हता. शिपायानं हात काढला. आवकबाईंनी कागदावरून पेन काढलं. साहेबांनीसुद्धा कठीण चेहऱ्यानं खिशातला हात बाहेर काढला.

"पंखा बंद करा. कोणी टेबलाला धक्का देऊ नका. खिडकी लावा. साहेब, तुम्ही इकडे या."

"मी?"

"इथं धरा. दोन बोटांनी. ओढायचं नाही. दाबायचं नाही. जपून."

का कोण जाणे, साहेबांनी धरलं. त्यांना तीन फुटांपलीकडचं दिसत नव्हतं, पण बोटात काय आहे हे बोटांना कळत असावं, कारण त्यांची पकड आपोआप हलकी झाली. काकांनी सुई उचलली. पहिला टाका तीनदा चुकला. मग एक मिळाला. मग दुसरा. बोट एकेका टाक्यावर ठेवून ते मोजत गेले आणि सबंध खोली ओठांनी त्यांच्याबरोबर मोजत गेली. सूत जिथून निघालं होतं तिथं काकू थांबल्या होत्या. तिथपर्यंत एक सुई, तिथून पुढे दुसरी.

"सत्तावीस," आवकबाई पुटपुटल्या.

दुसऱ्या सुईवर चौदाच भरले.

काकांनी पुन्हा मोजले. चौदाच. त्यांनी बाही उजेडाकडे धरली. एक टाका निसटून चार ओळी खाली गेला होता आणि तिथं शिडीसारखी चार दोऱ्यांची फट पडली होती.

"पिन," काका म्हणाले. आवकबाईंनी केसातली काढून दिली. काका खाली वाकले. निसटलेला टाका पिनेत धरला, वरचा दोरा त्यातून ओढला, एक ओळ चढवली. पुन्हा ओढला, दुसरी. साहेबांच्या नाकावरून घामाचा थेंब ओघळत होता, पण त्यांनी हात हलवला नाही. तिसरी. चौथी. टाका सुईवर चढला.

"पंधरा," शिपाई मोठ्यानं म्हणाला आणि आपण काय केलं होतं ते त्याला आत्ता कळलं. "काका, मला काय माहीत... मला वाटलं, नुसतीच बाही."

"काकूंची?" आवकबाईंनी हळूच विचारलं.

काकांनी मान हलवली. "ती गेली तेव्हा इथपर्यंत झाली होती," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी आजवर कोणासमोर पूर्ण म्हटलं नव्हतं.

आवकबाईंनी डोळे पुसले आणि पेन उचललं, कारण यादी तर पूर्ण करायला हवी होती. "पण साहेब, टोकदार वस्तू वेगळ्या दाखवाव्या लागतील. आणि सुया तर दोन्ही यातच."

"काढता येणार नाहीत?" साहेबांनी विचारलं.

"ही ओळ पूर्ण झाली तर एक मोकळी होईल," काका म्हणाले आणि म्हटल्याबरोबर पस्तावले.

"मग पूर्ण करा," साहेब म्हणाले. "एक तर जमा होईल. एवढे पंधराच ना?"

एवढे पंधराच. जवळजवळ अकरा महिने काका या पंधरा टाक्यांपासून पळत होते. त्यासाठी ते मेंढ्यांपर्यंत जाऊन आले होते. त्यांनी सूत बोटावर घेतलं. काकूंचा हात सैल होता, सुई प्रत्येक टाक्यात न अडता आत जात होती. एक विणला, तो कातड्यासारखा घट्ट बसला. दुसराही तसाच. पाचव्याला त्यांनी सूत जरा मोकळं सोडलं. नवव्याला आणखी. अकराव्याला त्यांना वाटलं इथंच थांबावं, चार तरी तिच्या हातचे सुईवर राहू द्यावेत. त्यांनी वर पाहिलं. सगळे त्यांच्या हाताकडे बघत होते. बारा. तेरा. चौदा. पंधरावा सुईवरून उतरला, आणि डावी सुई रिकामी झाली.

आवकबाईंनी पाकीट उघडून पुढे धरलं. शिपायानं डिंकाची बाटली आणली. काकांनी रिकामी सुई पाकिटापर्यंत नेली आणि तिथं ती थांबली.

"द्या," आवकबाई म्हणाल्या.

"नाही देता येणार."

"का?" साहेबांनी विचारलं.

काकांनी बाही फिरवून घेतली. भरलेली सुई डाव्या हातात, रिकामी उजव्या हातात. "पुढची ओळ आहे," ते म्हणाले.

आवकबाईंनी पाकीट मिटलं. साहेब खांबाकडे नाही, बरोबर काकांकडे तोंड करून म्हणाले, "आणि माझा चष्मा?"

"देतो, साहेब," काका म्हणाले आणि पहिल्या टाक्यात सुई घातली. "एवढी होऊ द्या."